गल्लीतला अनोळखी सिग्नल

मोर्सच्या परीक्षेत मी दोनदा आपटलो होतो. तारेची ही भाषा म्हणजे छोटे आणि लांब ठोके, बाकी काही नाही. पण माझ्या कानात ती बसेना. मग ठोके द्यायच्या खटक्यावर बायको बसली. ती दापोऱ्याची, केळीच्या मळ्यात वाढलेली, सातवी शिकलेली. भाकरी टाकून झाल्या की ती इंग्रजी वर्तमानपत्र पुढे घ्यायची आणि एकेक अक्षर ठोकायची, मी ते ओळखून लिहायचं. चुकलं की हसायची. तिसऱ्यांदा मी पास झालो, हौशी रेडिओचा परवाना आला, बुऱ्हाणपूरच्या लालबागेतल्या आमच्या छतावर मी तार ताणली आणि शाळा सुटली की सेटसमोर ठाण मांडू लागलो. ती परत चुलीकडे गेली. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

राज्यं जोडण्या-तोडण्याची वर्षं होती ती. आमची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली होती, कचेऱ्यांत नवे साहेब आले होते, आणि छतावर तार असलेल्या माणसाकडे लोक जरा तिरकंच बघत. पण मला त्या सेटपुढे कशाची फिकीर नव्हती. खरं सांगायचं तर शाळेतल्या नोकरीपेक्षा माझा जीव त्याच्यात जास्त होता.

गणपतीला तीनेक आठवडे असताना संध्याकाळच्या वेळी एक नवाच सिग्नल यायला लागला. चार ठोके, जरा थांबा, परत चार ठोके. घड्याळासारखा चालायचा तासभर. मी तर हरखून गेलो. कुठल्या तरी परदेशी तारयंत्राचा सांकेतिक संदेश असणार, असं ठरवून मी वहीची अकरा पानं भरली.

बायकोने दारातूनच ऐकलं आणि म्हणाली, "अहो, ह्यात अक्षर नई काही. आनि माणसाचा हातबी नई. माणूस मधी दम घेतो."

"तुला काय कळतंय त्यातलं?" मी म्हणालो. हे वाक्य मला आजही बोचतं.

मग परवाना देणाऱ्या खात्याचा कागद आला. समोरच्या गणेश मंडळाच्या अध्यक्षांनी तक्रार केली होती की माझ्या यंत्रामुळे गल्लीतल्या सगळ्या रेडिओंवर टकटक होते, बातम्या ऐकू येत नाहीत. तपासायला साहेब येणार होते, गणपती बसल्यावर दुसऱ्या दिवशी. दोष माझा निघाला तर परवाना रद्द, सेट जप्त. माझी जेवणावरची वासनाच उडाली.

"तुमचं ते परदेशी असंल," ती म्हणाली, "तर मंग जैनाबादलेबी ऐकू आलं पाहिजे ना?"

बॅटरीवर चालणारा छोटा रिसीव्हर सायकलला बांधून मी तापी ओलांडली. जैनाबादला परदेशी स्टेशनं खणखणीत, आणि माझा सिग्नल नावालाही नाही! म्हणजे आवाज आमच्याच आसपासचा. अकरा पानं बोंबलली.

आता माझं डोकं फिरलं. विजेची ठिणगी उडाली की रेडिओवर टक होतं, म्हणजे पावरलूमच्या मोटारीच ठिणग्या उडवत असणार! मी तडक मागच्या गल्लीतल्या कारखान्यात गेलो आणि मालकांना नको नको ते बोललो. ते वयाने मोठे. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्टरजी, हमारे करघे हैं तो बंद करके देख लेते हैं।"

घरी आलो तर बायकोने कपाळावर हात मारला. "काल शुक्रवार होता. त्याह्यचे माग बंद होते. काल टकटक झाली का नई?"

झाली होती. माझ्याच वहीत लिहिलेली होती. दुसऱ्या दिवशी जाऊन मी हात जोडले. त्यांनी चहा पाजला, हीच काय ती शिक्षा.

त्या संध्याकाळी तिनेच गव्हाची चाळणी आणली, जाळी काढून टाकली आणि म्हणाली, गुंडाळा ह्यावर तार. असलं वेटोळं रिसीव्हरला जोडून फिरवलं की एका दिशेला आवाज अगदी बारीक होतो, आणि त्यावरून सिग्नल कुठून येतो ते कळतं. हे मीच तिला कधीतरी बढाई मारत सांगितलं होतं. गल्लीच्या आधी एका, मग दुसऱ्या टोकाला आम्ही चाळणी फिरवत उभे राहिलो. लोक हसले. हसू देत. दोन्हीकडून दिशा एकाच ठिकाणी येऊन मिळाली, ती मंडळाच्या मांडवात.

तिथे अध्यक्षांनी हौसेने एक लाकडी ढोल बनवला होता. त्यावर तांब्याच्या चार पट्ट्या, पंख्याची मोटार तो फिरवायची, आणि पट्टी टेकली की दिव्यांची एकेक माळ पेटायची. दर पट्टीला एक ठिणगी, दर ठिणगीला एक ठोका. त्याने दिव्यांचा मोर फिरल्याचा भास व्हायचा म्हणे. रोज संध्याकाळी त्याचीच रंगीत तालीम चालायची!

"उद्या साहेबांसमोर नाकच कापतो ह्याचं," मी म्हणालो.

"आनि दहा दिवस पोरं अंधारात गणपती बघतीन? ठिनगी मारता येत नई का?"

येत होती. पट्ट्यांना कंडेन्सर जोडले की ठिणगी दबते. पण तसले दणकट कंडेन्सर बुऱ्हाणपुरात एकाच ठिकाणी होते, माझ्या सेटमध्ये. मी चरफडलो, पण रात्रीच्या आरतीआधी चारही काढून ढोलाला बसवले. टकटक थांबली. अध्यक्ष खाली मान घालून म्हणाले, "गलती हो गई, भाऊ."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साहेब आले. सोबत आणलेल्या रेडिओवर ऐकलं, सगळं शांत. मग त्यांनी माझा उघडा पडलेला सेट पाहिला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "सेट खोलला आणि आवाज थांबला. म्हणजे तक्रार खरीच की!"

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. दोष ढोलाचा होता असं अध्यक्षांनी सांगितलं, पण शेजारी भिडेखातर बोलतात असं साहेबांना वाटलं.

तेव्हा ती पदर खोचून बाहेर आली. "साहेब, रेडिओ घ्या आनि मांडवात चला." मांडवात तिने ढोल थांबवायला लावला, माझ्याकडून कंडेन्सर सोडवले, आणि ढोल परत सुरू करायला सांगितलं. माझा सेट घरात मुका पडलेला, आणि साहेबांच्या हातातल्या रेडिओवर टक-टक-टक-टक. परत जोडले, शांत. तिने तीनदा करून दाखवलं. साहेबांनी तिथेच मांडवातल्या सतरंजीवर बसून तक्रार निकालात काढली. मग त्यांनी विचारलं, "हे ओळखलं कुणी?"

"हिने," मी म्हणालो. अभिमान वाटत होता, आणि लाजही तेवढीच.

साहेब तिला म्हणाले, "मग तुम्ही परवाना का नाही काढत, बाई?" तिने माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत हा प्रश्न मी तिला एकदाही विचारला नव्हता.

विसर्जन झालं, कंडेन्सर परत आले, आणि मी दिल्लीहून अर्ज मागवला. तिने तो स्वतःच्या अक्षरात भरला आणि वाचायला माझ्याकडे दिला. मोर्सच्या अनुभवाच्या रकान्यात तिने लिहिलं होतं, 'नाही'. मी ते खोडलं आणि लिहिलं, 'आहे. पतीला शिकवलं.'