पाखऱ्याचा नागोजी

"दाजी, हिला काढा. दारात ठिवू नका."

"काढा म्हंजे? घोडी माझी, शिंगरू माझं, आन काढा म्हणणारा तू कोण रं?"

"बोलावलंसा म्हणून आलोय. बघितलं ते सांगितलं."

"बघितलंस न्हवं? मग तिचं चालणं बघ की. एवढंसं पोर, पण आईच्या मागनं कसं सरकतंय बघ, पाण्यावरनं होडी गेल्यागत. तेच तुझ्या पोटात दुखतंय. पाखऱ्याची चाल दुसऱ्याच्या दावणीला गेली तर तुला कोण इचारंल?"

"डोळ्याखाली भोवरा हाय, दाजी. आसूढाळ. घरात रडं आणतंय. माझी आक्का ह्या घरात नांदत्या, म्हणून सांगतोय."

भिंतीच्या अलीकडं मी तंबाखूची पानं पालटत होते. हात थांबले आणि कान चालू झाले. भांडणारे दोघंही घरचेच. ‘काढा’ म्हणणारा नागोजी माझा धाकटा दीर, आणि आवाज चढवणारा जोतिबा माझ्या नणंदेचा, अंबुबाईचा नवरा. नणंद गावातच, भिंतीला भिंत लागून दिलेली, त्यामुळं भांडण ऐकायला मला कधी लांब जावं लागलं नाही.

निपाणीपासून दोन कोसांवरचं आमचं गाव. नागोजीला तिथं कुणी नुसतं नागोजी म्हणत नव्हतं. पाखऱ्याचा नागोजी म्हणायचे. पाखऱ्या म्हणजे त्याचा घोडा, तांबूस अंगाचा, तोंडावर रुंद पांढरा पट्टा. त्याच्या चालीला रवाल म्हणतात. दुडकी नाही, चौखूर नाही. चारी पाय एकामागं एक पडायचे आणि पाठ जागची हलायची नाही. नागोजी त्याच्यावर बसून तळहातावर तंबाखू-चुना मळायचा, आणि कणभर खाली सांडायचा नाही. जत्रेत चालीची शर्यत लागली की चांदीचं कडं पाखऱ्याच्याच पायात. शेवटी शेवटी बाकीचे म्हणायला लागले, "नागोजीअण्णा, एक साल आजारी पडा की."

मग लोक आपल्या घोड्या पाखऱ्याला दाखवायला दारात आणायला लागले. चिकोडीकडचे, खानापूरकडचे, घाटाखालचेसुद्धा. घोडी व्याली की बाराव्या दिवशी शिंगराचं बारसं, आणि बारशाला नागोजीला बोलावणं. घोड्याकडचा माणूस म्हणजे वरपक्षच. पाय धुवायला पाणी, टॉवेल-टोपी, नारळ. हा रुसत तेवढा नव्हता. चहा झाला की शिंगराला हळद लावायची आणि अंगावरचे भोवरे बघायचे. गळ्यावर भोवरा असला तर देवमण, घराचं भलं. डोळ्याखाली, जिथनं आसू ओघळतात तिथं असला तर आसूढाळ, घराचं वाटोळं. बघून झालं की नागोजी एकच शब्द बोलायचा, ‘ठेवा’ नाहीतर ‘काढा’. त्याच्या शब्दापुढं कुणी जात नव्हतं.

जोतिबा गेला असता. पण अंबुबाई भ्याली. पदरात पोर लहान, त्यात सारखं दुखणाईत. नवरा ओरडत राहिला आणि तिनं भावाचं ऐकलं. आईचं दूध सुटल्यावर शिंगरू अनगोळच्या एका व्यापाऱ्याबरोबर गेलं. रडं यायचं ते त्या दिवशी आलं. जोतिबानं नागोजीशी बोलणं टाकलं. सणासुदीला समोरासमोर जेवायला बसायचे आणि मीठ पाहिजे असलं तरी माझ्याकडनं मागायचे.

पुढं बरीच वर्षं गेली. पाखऱ्याची लेकरं गावोगाव झाली, पण चाल एकातही उतरली नाही. कुणी रंग घेतला, कुणी मान घेतली. नागोजी प्रत्येकाच्या मागं चालून बघायचा आणि घरी येऊन म्हणायचा, "वैनी, दचकतंय. सगळं हाय, पण पाठ दचके खात्या." पाखऱ्याचे दात झिजले, पाठ खोलगट झाली, पोट लोंबायला लागलं. त्याची चाल त्याच्याबरोबरच जाणार, ह्या विचारानं नागोजीची झोप उडाली.

तीन सालांमागं पाखऱ्याचा गाल सुजला. जनावरांच्या डॉक्टरानं डोळ्याखालचे केस भादरले, सूज फोडली, मलम दिलं. सूज उतरली, केस उगवायला लागले. एक दिवस सकाळी नागोजी मला बोलवायला आला. तोंड असं, की मला वाटलं घोडा गेला.

"वैनी, हितं जरा बोट लावा."

लावलं. "केस हाईत की."

"असं न्हवं. केसाच्या उलटं फिरवा."

फिरवलं. उगवते केस बोटाला गोल घेऊन गेले. एकदा फिरवलं, दुसऱ्यांदा फिरवलं. घोड्याचं मला काय कळतं म्हणा, पण पोरांच्या डोक्यावरचे भोवरे बघतच म्हातारी झाले.

तुम्ही म्हणाल, ज्यानं गावची घोडी तपासली त्याला घरच्या घोड्याचा भोवरा दिसला नाही? नाही दिसला, कारण त्यानं बघितलाच नाही. शिंगरू असताना पाखऱ्याला आणलं माझ्या सासऱ्यांनी. बापानं पारखून आणलेलं जनावर पोरगा परत पारखत नाही. पारखलं तर बापाच्या नजरेवर संशय घेतल्यासारखं होतं. त्यात सासऱ्यांनी स्वतःच्या हातानं त्याच्या गालावरनं कवड्यांचा पट्टा बांधला आणि सांगून ठेवलं, नजर लागते, हा काढायचा नाही. धुतानासुद्धा पट्टा वर सरकवायचा आणि परत खाली. देव्हाऱ्यातल्या देवाचे डोळे कोण तपासतं? सासऱ्यांची नजर घारीची. त्यांना दिसलं नसेल असं मला वाटत नाही. त्यांनी चाल बघितली आणि भोवरा गिळला.

"कितीजणांस्नी काढा म्हणलो, वैनी," नागोजी गोठ्यातच खाली बसला. "आठवाय बसलं की आनि एक आठवतंय."

"आता सांगून टाक जोतिबाला."

"दाजींस्नी सांगितलं की गावाला कळणार. गावाला कळलं की जेच्या जेच्या दारात पाखऱ्याचं लेकरू हाय, त्यो भिणार. आसूढाळाची औलाद म्हणून इकून टाकतील. घालवली ती घालवली. आता समद्यांस्नी घालवू व्हय?"

डॉक्टरानं सोडलेला पट्टा मात्र त्यानं परत बांधला नाही. खुंटीलाच राहिला.

मग तो अनगोळला जाऊन त्या व्यापाऱ्याला भेटला. तिथनं पत्ता लागला नंदगडच्या पलीकडच्या वीटभट्टीचा. एसटीनं गेला, मग चालत गेला. परत आला ते दोन दिवस जेवला नाही. भट्टीवर एक म्हातारी होती, तिनं त्याला कानडीत सगळं सांगितलं. घोडी होती. चांगली बारा-पंधरा वर्षं राबली. दुसऱ्या जनावरांवर भाजलेल्या विटा लादायचे. हिच्यावर कच्च्या. साच्यातनं काढलेल्या, ओल्या. कारण हिची पाठ हलायची नाही, एक वीट मोडायची नाही. चार जनावरांचं काम हिला एकटीला पडायचं, चांगली चालायची म्हणून. आदल्याच पावसाळ्यात बसली ती उठली नाही.

"तिला हुती, वैनी," नागोजी म्हणाला. "तिला एकटीला हुती."

तिसऱ्या दिवशी मला म्हणाला, चला माझ्यासंगं. बहिणीच्या दारात एकट्यानं जायचं त्याला धाडस नव्हतं. जोतिबा कट्ट्यावर शेंगा फोडत बसला होता. नागोजी उभ्या उभ्याच बोलला.

"दाजी, पाखऱ्यालाबी आसूढाळ हाय."

इतक्या वर्षांनी पहिल्यांदा जोतिबानं त्याच्याकडं बघितलं. शेंगा फोडायचं काही सोडलं नाही.

"कवापास्नं?"

"जल्मापास्नं. भोवरा काय मागनं येत न्हाय."

"मग काढ की त्येला."

नागोजीनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"काढ. दारात ठिवू नको. घरात रडं आणतंय."

"दाजी, ती गेली. भट्टीवर हुती नंदगडकडं. तिच्यावर कच्च्या विटा लादत हुती. एक मोडत नव्हती."

आता मात्र जोतिबाचा हात थांबला. हातातली शेंग त्यानं न फोडताच खाली ठेवली.

"मी सांगत हुतो तुला, चाल हाय म्हणून."

"व्हय."

"तू तिचं पाय बघितलंच न्हाईस. तोंडाकडंच बघत बसलास."

"व्हय, दाजी."

अंबुबाई चहा घेऊन आली. जोतिबा म्हणाला, "त्येला नको. आता त्येला काय गोड लागायचं न्हाय." अंबुबाईनं तरीही कप भावाच्या हातात दिला. "भिले मी हुते," ती म्हणाली. "तुमी दोघं उगंच भांडताय." जोतिबा उठून आत गेला. बाहेर कुणाला काही बोलला नाही, ते खरं. पण नागोजीशीही परत बोलला नाही.

त्यानंतर सहा-सात महिन्यांनी चिकोडीकडच्या मारुतीरावांचं बोलावणं आलं. त्यांची घोडी व्याली होती, आणि पाखऱ्याचं ते शेवटचं शिंगरू. नागोजी जायला तयार होईना. मीच म्हटलं, "वरपक्ष आला न्हाय तर बारसं हुयाचं कसं?" माझा मुलगा परशराम त्याला गाडीवरनं घेऊन गेला. तिथं काय झालं ते परशरामनंच सांगितलं. पाय धुणं झालं, चहा झाला. हळद लावायला नागोजी वाकला आणि वाकलेलाच राहिला. भोवरा मारुतीरावांनीही बघितला होता.

"नागोजीअण्णा, मला आधीच शंका हुती. काढू न्हवं?"

"ठेवा."

"अवं पण डोळ्याखाली..."

"पाखऱ्यालाबी हाय. माझ्या बानं झाकून ठिवला आन मी बघितला न्हाय. या घरला, बोट लावून बघा. ज्येंच्या ज्येंच्यास्नी मी काढा म्हणलोय, त्येंस्नीबी घिऊन या."

पन्नास माणसं होती बारशाला. परशरामची गाडी गावात यायच्या आधी बातमी आली. पुढं महिनाभर दारात रांग. जो तो बोट लावून बघायचा, पाखऱ्या गाल पुढं करून कंटाळला. कुणी म्हणालं, भोवरा डॉक्टरच्या पात्यानं पडला. कुणी म्हणालं, एवढी कडी मिळवणाऱ्याला कसला आलाय आसूढाळ, हा देवमणच खाली घसरलाय. बहुतेकांनी आपापली जनावरं ठेवली. पण घाटाखालच्या एकानं भिऊन दोन घोड्या विकल्या. त्या कुठं गेल्या ह्याचा नागोजीनं लई तपास केला. लागला नाही. गावाला कळलं तर विकतील, ही नागोजीची भीती अगदीच खोटी नव्हती.

बारशाची बोलावणी मात्र बंद झाली. आता जो तो आपल्या मनानं बघतो. मारुतीरावांचं शिंगरू मोठं झालंय, चालतंय साध्या तट्टासारखं, दचक-दचक. नागोजी जाऊन बघून आला. म्हणाला, "असू दे. दारात हाय न्हवं."

गेल्या पौषात नागोजी गेला. पाखऱ्याला आता परशराम बघतो. नागोजी गेला त्याच्या आदल्या दिवशी निपाणीचा बाजार होता. पाखऱ्याला दात नाहीत, म्हणून दर बाजाराला कोंडा आणि गूळ आणायला नागोजी स्वतः जायचा. परशराम आणतो म्हणाला तर म्हणायचा, "तुला दुकानदार बुरशी लागल्यालं देतंय." त्या दिवशीही गेला. मीही होते बाजारात, येताना एकाच एसटीत बसलो. कंडक्टरनं पोत्याला पाय लावून विचारलं, "आजोबा, ह्येचं तिकीट?"

"घोड्याचं हाय. त्येला दात न्हाईत, हाफ दे."

फाट्यावर उतरलो. पोतं उचलू लागले तर म्हणाला, "तुमी पिशवी घ्या वैनी." पोतं स्वतःच खांद्यावर घेतलं, दोनदा टेकवलं. घरी आल्यावर पाणी कोमट केलं, गूळ फोडून विरघळवला, कोंडा भिजत घातला. पाखऱ्या लई सावकाश खातो, निम्मं खाली सांडतं. नागोजी पाटीशेजारी उकिडवा बसला आणि सांडलेलं गोळा करून परत त्याच्या ओठाशी धरत राहिला. खाणं संपल्यावर पाटी धुतली, पालथी घातली आणि हात पुसत मला म्हणाला, "पुढच्या बाजाराला गूळ जरा जास्त आणाय पायजे."