खांब पाच, पूर एकच

पडेलसाहेब कुठंही बसण्याआधी ती वस्तू हलवून बघत. खुर्ची असो, बाज असो, नाहीतर लग्नातला मांडव. यजमान ओशाळायचे, साहेब मात्र बिनदिक्कत. शहाद्याकडच्या आमच्या बांधकाम कचेरीत ते ओव्हरसियर होते आणि मी त्यांच्या हाताखाली नकाशे काढायचो. ‘पक्कं’ हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. “पडेल का, ते विचारू नका. पडेलच. शंभरात किती वेळा, ते विचारा,” असं म्हणायचे. लोकांनी त्यावरूनच नाव पाडलं.

साठ सालच्या सुमारास नदीवर पूल व्हायचा होता. पाये खडकापर्यंत न्या, म्हणून साहेब भांडले. मोठे साहेब हसले. “पाच खांब आहेत. एखादा खचला तरी बाकीचे धरतील. पाचही एकदम खचतील होय?”

“बाजेची एक दोरी तुटली तर झोपलेल्याला कळतही नाही,” साहेब म्हणाले, “पण सगळंच सुंभ कुजलेलं असेल तर? खांब पाच आहेत, साहेब. खालची वाळू एकच आहे आणि पूरही एकच येणार.”

पाये वाळूतच राहिले. मला आजही संताप येतो. यात न कळण्यासारखं होतं काय?

पुढं एका पावसाळ्यात नदी फुगली. नेमका बाजाराचा दिवस. साहेबांनी पुलाच्या तोंडाशी बैलगाडी आडवी लावली आणि तिच्यावर बसले, अर्थात हलवून बघूनच. मागं केळीच्या गाड्या खोळंबल्या. सरपंच ओरडले, “साहेब, पूल उभा शे ना! मंग आम्हले काब अडावतस?”

“उभा आहे म्हणूनच अडवतोय. पडल्यावर कशाला अडवू?”

लोकांनी नाही नाही त्या शिव्या घातल्या. साहेब जागचे हलले नाहीत. दुपारी एक खांब खचला, त्यामागोमाग बाकीचे. पुलावर चिटपाखरूही नव्हतं.

आभार? नाव नको! दुसऱ्या दिवशी गावभर एकच बोलणं, “साहेबनी जीभच काळी शे, म्हनीसन पूल पडना!” मोठ्या साहेबांना तेवढंच हवं होतं. बदली थेट कोकणात झाली.

नंदुरबार स्टेशनवर पोचवायला मी एकटाच होतो. साहेब बाक हलवून बसले.

“नव्या पुलाचे पाये?”

“त्याच वाळूत,” मी म्हणालो. साहेबांनी उठून बाक पुन्हा एकदा हलवून बघितला.

तो नवा पूल अजून उभा आहे. “साहेब गया आनि पूल टिकना,” असं लोक मला हसून ऐकवतात आणि माझं डोकं फिरतं. अरे, तसा पूर अजून आलेला नाही, एवढंच!