चलान त्यांच्या नावावर

यजमान गेल्यावर आठ महिन्यांनी मी गाडी माझ्या नावावर करायला यवतमाळला गेले. त्याआधी पेन्शन झालं होतं, बँक झाली होती, वारसाचा दाखला, गॅसचं कनेक्शन झालं होतं. प्रत्येक खिडकीवर मृत्यूचा दाखला पिशवीतून काढायचा, समोरच्यानं तो वाचायचा, मग आणखी एक झेरॉक्स मागायची. गाडी तेवढी राहिली होती. परिवहन कार्यालयातल्या बाबूनं कॉम्प्युटरवर नंबर टाकला आणि म्हणाला, "मॅडम, या गाडीवर स्पीडचं चलान बाकी हाये. ते निपटवल्याबिगर ट्रान्सफर नाही होत."

कोणत्या दिवसाचं, हे मला विचारावं लागलं नाही.

त्या सकाळी चहा घेता घेता त्यांच्या छातीत दुखायला लागलं होतं. पांढरकवड्याच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली आणि सांगितलं, ताबडतोब नागपूर. ॲम्ब्युलन्स दुसरा पेशंट घेऊन गेली होती, यायला तास लागणार होता. मग मीच गाडी काढली. ही गाडी मला त्यांनीच शिकवलेली. ते तीस वर्षं बसवर ड्रायव्हर होते. एक अपघात नाही, एक दंड नाही. गावात कुणी विचारो न विचारो, हे ते सांगायचेच.

करंजी मागे पडली तसा मी पाय दाबला. शेजारची सीट मागे पाडून ते पडले होते, शर्ट घामानं भिजलेला, पण नजर काट्यावर.

"हळू चालव वं. शंभरच्या वर गेली."

"तुम्ही बोलू नका."

"मी नाही बोलत. तू पाय कमी कर."

मी केला नाही. चौथ्या दिवशी नागपूरच्या दवाखान्यातच ते वारले.

बाबूनं स्क्रीन माझ्याकडे वळवली. फोटोत आमची गाडी होती. काचेवर ऊन चमकत होतं, आत कोण आहे ते दिसत नव्हतं. खाली वेग, वेळ आणि त्यांचं नाव.

मी शिकवते त्या शाळेतले एक सहकारी म्हणाले, "बाई, पंधरा दिवसांत नोटीस यायला पायजे असा नियम हाये. नाही आली तर लढा." आम्हाला कुठे काही आलं होतं? मी पुन्हा रजा टाकली आणि वाहतूक शाखेत गेले. टेबलावर निवृत्तीला आलेले एक हवालदार होते. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, मग चष्मा लावून पाहिलं.

"मेसेज तर दुसऱ्याच दिवशी गेलता, मॅडम. मालकाच्या मोबाईलवर."

मालकाचा मोबाईल घड्याळ आणि चष्म्याबरोबर दवाखान्यानं दिलेल्या पिशवीत होता. पिशवी कपाटात. फोन मीच बंद केला होता, कारण लोकांचे फोन यायचे आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सांगावं लागायचं. घरी येऊन तो चार्जिंगला लावला. मेसेज होता. तो आला त्या दुपारी ते व्हेंटिलेटरवर होते. म्हणजे सरकारनं वेळेत कळवलं होतं. भांडायला काही उरलंच नाही. मला तर जरा सुटल्यासारखंच वाटलं.

पण नाव मनातून जाईना. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा हवालदारांसमोर उभी राहिले.

"दंड भरते. फक्त चलान माझ्या नावावर करा. गाडी मी चालवत होते."

"दुसरं कोणी चालवत होतं हे सांगायलेही मुदत असते, मॅडम. ते निघून गेली."

"त्या मुदतीत मी त्यांची तेरवी करत होते."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "समजते मले. पण सिस्टिम घेत नाही आता. लोकअदालतीत ठेवता काय? दवाखान्याचे कागद लावा, दंड कमी होऊन जाईन."

लोकअदालत म्हणजे पुन्हा तारीख, पुन्हा रजा, पुन्हा तोच दाखला. मी नको म्हटलं आणि तिथंच पैसे भरले. पावतीवर त्यांचं नाव आलं.

"आता कोण पाहते नाव?" हवालदार समजावणीच्या सुरात म्हणाले.

"मी पाहते ना."

त्यांच्याकडूनच एक कोरा कागद मागून घेतला. बाहेरच्या बाकावर बसून अर्ज लिहिला. त्या दिवशी गाडी मी चालवत होते, वेग माझा होता, माझे पती मला हळू चालव म्हणत होते. खाली सही केली आणि एक प्रत माझ्यासाठी काढली.

हवालदारांनी तो उभ्यानंच वाचला. "याचा काही उपयोग नाही होत, मॅडम."

"माहीत आहे. आवक शिक्का तेवढा द्या."

त्यांनी ड्रॉवरमधून शिक्का काढला. माझ्या प्रतीवर तो पुसट उमटला, तेव्हा शाईचं पॅड जवळ ओढून त्यांनी तो पुन्हा एकदा, दाबून मारला.