पेशीतली पंगत

लिहायला बसलोय खरा, पण हे मी लिहावं का, याची अजून खात्री नाही. पेशीचा हा विषय ज्यांनी प्रयोग करून उलगडला ते माझ्याहून कितीतरी मोठे, आणि आठवणी लिहाव्यात असं माझ्या आयुष्यात फारसं घडलेलं नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. त्यामुळे चारचौघांत तोंड उघडताना आपण चुकून दुसऱ्याच्या खुर्चीवर तर बसलो नाही ना, असं मला आजही वाटतं. तेवढं सांभाळून घ्यावं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी गडमुडशिंगीहून कोल्हापूरला एमएस्सीच्या वर्गाला यायचो. दुसऱ्या वर्षी आमच्या मॅडमनी मला सेमिनारला विषय दिला. पेशी विभागण्याआधी तिच्यातल्या डीएनएची पूर्ण नक्कल होते. ती कुठून आणि केव्हा सुरू करायची, हे पेशी कसं ठरवते?

पहिली गोष्ट लगेच कळली. माणसाच्या पेशीतला डीएनए इतका लांब असतो की एका टोकापासून नक्कल करत गेलं तर काम वेळेत उरकणारच नाही. म्हणून ते हजारो ठिकाणांहून सुरू होतं. मला यात नवल वाटलं नाही. बुद्ध पौर्णिमेला आमच्या वस्तीत विहारासमोर गव्हाच्या खिरीची पंगत बसते, ती पार हापशापर्यंत जाते. एकच वाढपी वरच्या अंगानं निघाला तर हापशाजवळच्यांना खीर मिळेपर्यंत वरची माणसं हात धुऊन घरी जातील. म्हणून पाच-सहा जण ठिकठिकाणी बादल्या घेऊन सुरुवात करतात.

अडलं ते पुढे. पुस्तकात दोन पायऱ्या दिल्या होत्या. आधी काही प्रथिनं डीएनएवर जागोजागी नुसती जाऊन बसतात, काम काहीच करत नाहीत. नंतर वेगळा इशारा येतो, आणि तेव्हा कुठे नक्कल सुरू होते. मला हा उगाच व्याप वाटायचा. बसलात तर लागा की कामाला. डिक्शनरी शेजारी ठेवून ते पान मी कितीदा तरी वाचलं. शब्द कळायचे, त्यामागची गरज कळायची नाही. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, "दोन्ही पायऱ्या एकच आहेत असं धरून चाल. मग काय बिघडतं ते शोध."

काय बिघडतं ते मला गल्लीतल्या एका लग्नात दिसलं. जेवणावळीची व्यवस्था आबांकडे होती. आबा म्हणजे माझे थोरले चुलते. फौंड्रीत कामाला असल्यानं मशीनच्या आवाजावर बोलायची सवय, त्यामुळे घरातही ते शेजारच्या गल्लीला ऐकू जाईल असंच बोलत. पंगत निम्मी वाढून झाली होती. तेवढ्यात नवऱ्याकडची चार पोरं उशिरा आली आणि मदत म्हणून मटणाच्या बादल्या उचलून मधूनच वाढत सुटली. कुणाला मिळालंय, कुणाला नाही, हे बघणार कोण? मधल्यांच्या ताटात दोनदा मटण पडलं आणि शेवटच्यांच्या वाट्याला नुसता रस्सा.

"ह्यास्नी कुणी सोडलं मधी?" आबा ओरडले.

"मदतच करालोय की, आबा," एक पोरगा म्हणाला.

"मदत? मग जा की शेवटाला, आणि सांग पावण्यास्नी, तुमच्या वाटणीचं ह्यांनी खाल्लंय म्हणून."

आबांनी ज्यांच्याकडे बोट केलं होतं ते मधल्या ताटावरचे गृहस्थ मान वर न करता म्हणाले, "आम्ही मागितलं न्हाय बाबा. आलं ते खाल्लं."

त्यानंतर आबांनी नियम घातला. पंगत बसताना वाढप्यांनी बादल्या घेऊन आपापल्या जागी उभं राहायचं, पण पळी बुडवायची नाही. आबा एकदा सगळीकडे नजर टाकणार आणि "वाढा" म्हणून आरोळी देणार. ती आरोळी गेली की पंगत उठेपर्यंत नव्या माणसाच्या हातात बादली द्यायची नाही.

त्या नियमाची पहिली पंगत गल्लीतल्याच एका बारशाला बसली तेव्हा मीही बादली धरून उभा होतो. आबांची आरोळी आली, पळी खिरीत गेली आणि ते अडलेलं पान मला एकदम कळलं. उभं राहणं वेगळं आणि वाढणं वेगळं, म्हणूनच एका ताटात दोनदा पडत नाही. पेशीत ज्या इशाऱ्यानं काम सुरू होतं, तोच इशारा नव्या प्रथिनांना डीएनएवर बसू देत नाही. पेशी विभागते, इशारा ओसरतो, मग पुन्हा जागा भरतात. त्यामुळे एका फेरीत प्रत्येक भागाची एकदाच नक्कल होते. अर्थात पंगतीशी सगळंच जुळत नाही. आमच्या वाढप्यांच्या जागा ठरलेल्या. माणसाच्या पेशीत त्या तितक्या ठरलेल्या नसतात. नेमक्या त्याच जागा का, याचं पुरतं उत्तर तेव्हा मॅडमकडेही नव्हतं. ते मला फार आवडलं होतं.

सेमिनार बरा झाला. मॅडमच्या आग्रहानं मी पुण्याच्या एका संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. घरी असं ठरलं होतं की बुद्ध पौर्णिमेपर्यंत निवड झाल्याचं कळलं तर पुण्याला जायचं, नाहीतर आबांनी एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये जागा बघून ठेवली होती तिथं दुसऱ्या दिवशी हजर व्हायचं. नोकरी वाईट नव्हती, आई तर तिच्यावरच खूश होती. मला मात्र त्या पानाच्या पुढचं वाचायचं होतं.

मुलाखतीत नेमका हाच प्रश्न आला. इंग्रजी अडखळलं आणि माझ्या तोंडून पंगत निघाली. समोरचे एक सर मराठी होते. ते हसून म्हणाले, "पण पेशीतले हे आबा कोण?"

मी मनात ती पंगत पुन्हा एकदा बघून घेतली. मग म्हणालो, "सर, आबा कुणीच नाहीत. नुसती आरोळी आहे. ती चढते आणि उतरते."

त्यांनी मान हलवली, पण होकाराची की कशाची ते कळलं नाही. बाहेर आल्यावर वाटलं, संपलं. एवढ्या मोठ्या लोकांसमोर आपण बादल्या आणि पळ्या काढल्या.

पौर्णिमा आली. निकाल कळला की मॅडम आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात फोन करणार होत्या. संध्याकाळपर्यंत फोन नाही. विहारात बुद्धवंदना झाली, पंगत बसली. माझी जागा अगदी शेवटी, हापशापाशी. आबांनी आरोळी दिली आणि मी वाढायला लागलो. उद्यापासून कारखाना, असं मनाशी म्हणून झालं होतं, आणि खीर वाढताना ते तितकंसं जडही वाटत नव्हतं.

थोड्या वेळानं वरच्या टोकाला दुकानदार आबांच्या कानाशी काहीतरी बोलताना दिसला. आबांनी माझ्याकडे बघून तोंड उघडलं, पण आवाज काही आला नाही. उपरण्यानं डोळे पुसत ते खाली वाकले आणि पहिल्या ताटावरच्या माणसाला काहीतरी म्हणाले. तो शेजारच्याकडे वळला, शेजारचा पुढच्याकडे. एकेक मान माझ्याकडे वळत खाली यायला लागली. माझ्या हातून खीर सांडली की काय म्हणून मी पायाशी बघितलं.

शेवटच्या ताटावर एक म्हातारी बसली होती. शेजारणीनं तिच्या कानात सांगितलं. तिनं माझा हात धरला.

"आरं, तुझं पुण्याचं झालं म्हणं. बाईंचा फोन आलता," ती म्हणाली. "आता खीर वाढ की. मी शेवटची हाय."