चार भेंड्या आणि माझी पापणी

माझी डावी पापणी जन्मापासून अर्ध्यावर उतरलेली होती. पापणीखालून दिसावं म्हणून मी हनुवटी वर करून बघायचे, तर शाळेतले गुरुजी म्हणायचे, पोरीला माज आहे. घरात या पापणीचं एकच कारण ठरलेलं होतं. मी पोटात असताना आईनं ग्रहण सुटायच्या आधी चार भेंड्या चिरल्या. हे शोधून काढलं आत्यानं. आत्या आमच्याकडेच राहायची आणि घर तिच्या शब्दावर चालायचं. वडील तिच्यापुढे ब्र काढत नसत.

पहिलीत असताना शाळेत तपासणीला डॉक्टर आले. त्यांनी चिठ्ठी दिली, पुण्याला नेऊन पापणीचं ऑपरेशन लवकर करून घ्या. आत्यानं ती वाचून घेतली आणि म्हणाली, "सुरीनं झालंय ते, पुन्हा सुरी लावली तर वाढंल. न्यायची नाय." चिठ्ठी वडिलांच्या खिशात गेली आणि सदऱ्याबरोबर धुतली गेली. त्याऐवजी दर श्रावणात मला भीमाशंकरला नेऊन पापणीला तीर्थ लावायचे. देवाबद्दल माझी तक्रार नाही. त्याला कुणी चिठ्ठी दाखवली नव्हती.

हळदीकुंकवाला कुणी पाहुणी आली की आत्या माझी हनुवटी धरून तिला डोळा दाखवायची आणि भेंड्यांची गोष्ट सांगायची. आई तिथेच चहाचे कप गोळा करत असायची. तिनं एकदाही तोंड उघडलं नाही. आत्याचा मला संताप यायचा, पण आईचा जास्त यायचा.

एकोणिसाव्या वर्षी नारायणगावकडचं स्थळ आलं. द्राक्षबाग, स्वतःची जीप. मुलाच्या आईनं मला बघितलं आणि म्हणाली, "पोरगी चांगली हाय, पर डोळ्याचं तेवढं करून घ्या, मग बोलू." आठ दिवसांत आत्यानंच पंचांग बघून ऑपरेशनचा दिवस काढला. ग्रहण, सुरी, दोष, सगळं गेलं उडत. पोरीच्या डोळ्यासाठी जी सुरी चालत नव्हती ती पाहुण्यांसाठी चालली.

पुण्याला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी पापणीचा ढिला स्नायू आखूड करून वर शिवला. सूज उतरल्यावर आरशात दोन्ही डोळे जवळजवळ सारखे दिसले. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मग टाके काढायच्या दिवशी डॉक्टरांनी माझा उजवा डोळा झाकला आणि भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगितला. सगळ्यात वरचं मोठं अक्षर तेवढं ओळखू आलं, बाकी नुसतं धुरकट.

"हिला लहानपणी का नाही आणली?" डॉक्टरांनी विचारलं. पापणीनं बुबुळ झाकलं होतं, त्यामुळे तो डोळा बघायला शिकलाच नाही, म्हणाले. सहाव्या वर्षी आणली असती तरी बरीच नजर वाचली असती. आता पापणी उचलली, नजर नाही देता येणार.

तेव्हा आईनं पदर सावरून विचारलं, "डाक्टर, गरवारपणी ग्रहणात भाजी चिरली, तर आसं व्हतं का?"

"नाही हो, आई. स्नायूच कच्चा होता. तुमचा काही दोष नाही."

बाहेर बाकड्यावर बसल्यावर आत्या म्हणाली, "दिसायला तर झाली ना बरी? नजरेचं पाव्हण्यांना कुठं कळतंय."

आई म्हणाली, "मी सांगनार हाय."

आणि रविवारी तिनं सांगितलं. पाहुणे पोहे खात असताना, आत्याच्या देखत. "पोरीला डाव्या डोळ्यानं दिसत न्हाई. ग्रहणानं न्हाई झालं ते. शाळेच्या डाक्टरनं चिठ्ठी दिली व्हती, आमीच नेली न्हाई." पाहुण्यांनी बश्या खाली ठेवल्या. जीप गेल्यावर आत्या आईला वाट्टेल ते बोलली, आणि आई पहिल्यांदा तिच्याकडे न बघता पोह्याची कढई घासत बसली.

लोक म्हणतात, आईचा केवढा अभिमान वाटला असेल. मला रागच आला. हे चार शब्द बोलायला तिला एकोणीस वर्षं लागली, आणि माझ्या डोळ्याकडे तेवढी वर्षं नव्हती.