ज्ञानूभावजींचे वाटे

"गळ माझा, हात माझा, मासा माझा! ह्यात वाटं कसलं घालतोस?"

बाळासो आमच्या सोप्यात उभा राहून ओरडत होता आणि मी आत खोबरं भाजत ऐकत होते. मुद्दाम नव्हते ऐकत. बाळासो बोलला की निम्मं उचगाव ऐकतं. ह्या भांडणाला आता बारा वर्षं झाली.

"गळ तुझा, खरं होडी आठजणांची," हे आमचे ज्ञानूभावजी, माझे धाकटे दीर. "तू सुरमई वढत हुतास तवा आमी सातजण काय होडीत वजन म्हणून बसलोतो?"

"तुझं काय जातंय बोलायला? तुझ्या गळाला आजवर कवा काय लागलंय? आयता वाटा गावतोय, म्हणून नेम सांगतोयस!"

बाळासोनं ती हातभर सुरमई उचलली आणि गेला. बाकीच्यांच्या खोक्यात नुसता बर्फ.

भावजी फौंड्रीत साचे करायचे. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही, जेवायला आमच्यात. फौंड्रीतले आणि गल्लीतले मिळून हे आठजण वर्षातनं चारपाचदा जीप करून मालवणला जायचे. तिथं होडी ठरवायची, पहाटे खोल समुद्रात जायचं, गळ टाकून बसायचं आणि दिवस मावळायच्या आत गावात. एकदा इतकी मासळी आणली की शेजारणी मला बघून दार लावून घ्यायला लागल्या. पुढच्या महिन्यात तीच जागा, तोच नाखवा, तेच आमिष, आणि आठहीजण उन्हानं काळे होऊन रिकामे परत. मी वाटण आधीच करून ठेवायची. ते कधी मासळीला लागायचं, कधी अंड्यांना.

आमच्याकडं चारजण मिळून बकरं पाडतात तेव्हा वाटे घालतात. काटा नाही, डोळ्यानं. मग एकानं ढिगावर बोट ठेवून विचारायचं, "ह्यो कुणाचा?" आणि दुसऱ्यानं पाठ फिरवून नाव सांगायचं. गल्लीत वाटे घालायला भावजींनाच बोलवायचे. कलेजीसुद्धा त्यांच्या हातनं सगळ्यांत सारखी जायची. तीच रीत त्यांनी मासळीला लावली होती.

भांडणानंतरच्या खेपेला बाळासोच्या गळाला काहीच नाही, आणि बाकीच्यांची खोकी भरलेली. बाळासो जीपमधनं उतरला तो मान खाली घालून. भावजी वाटे घालायला बसले. मी दारातनं मोजले, सात. म्हटलं, बाळासोला वगळलं वाटतं. पण नावं घेतली तर बाळासोचा वाटा होता. नव्हता तो भावजींचा.

बाळासो वाटा न उचलताच घरी गेला. भावजींनी तो डब्यात भरला, डबा सायकलला अडकवला आणि त्याच्या मागच्या दारी जाऊन झुंबरबाईच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या हातात दिला.

त्या दिवशी मी अंडीच वाढली. म्हटलं, "भावजी, होडी आठजणांची, मग वाटं सात कसं? तुमचा नेम तुमीच मोडलासा की."

"वैनी, माझ्या ताटात तुकडा असला की बाळासोला नेम दिसत न्हाय, तुकडा दिसतोय. माझ्या गळाला लागंल की कवातरी. तवा घालीन आठवा."

बोलायला सोपं होतं. पण समुद्र काय भावजींचा पाहुणा होता? त्यांच्या गळाला एकदा चप्पल लागली, दोनदा जाळ्याचा तुकडा, आणि एकदा नाखव्याचीच उडालेली टोपी. आठजणांतल्या जोतीरामनं तर एकदा ओढ बसलेला गळ त्यांच्या हातात दिला, "धर जरा, तमाखू मळतो," म्हणून. भावजींनी परत दिला. "मासा तुझा हाय, तूच वढ." बाळासो आपली चांगली जागा त्यांना द्यायला लागला. बोलत कुणी नव्हतं, पण सगळे वाट बघत होते. तरी बाळासो स्वतःचा वाटा स्वतः कधी न्यायचा नाही. बहुतेक लाजायचा. तो भावजीच पोचवायचे.

अशी बारा वर्षं गेली. मी मधनंमधनं बाजारातली मासळी आणून खायची, खोटं कशाला बोलू? भावजी त्या दिवशी नुसता भात कालवून उठायचे.

गेल्या दिवाळीनंतर एक दिवस जीप आली ती हसतच. आठजणांत मिळून एक तांबोशी, वीतभर. आणि ती भावजींच्या गळाला.

"ज्ञानू, खा की लेका एकटाच," जोतीराम म्हणाला. "आठजणांत काय दात कोरायला देतोस?"

भावजींनी विळी मागितली. डोक्यात काटा जास्त, म्हणून डोक्याकडचा तुकडा जरा मोठा धरला, शेपटीकडं बघत बराच वेळ बसले, मग आठ केले. सुपारीएवढे.

"बाळासो, फिर."

बाळासो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. भावजी विचारत गेले, तो सांगत गेला. सात नावं झाली.

"आन् ह्यो?"

"ज्ञानूचा," बाळासो भिंतीला म्हणाला.

त्या तुकड्याला मी पातेलंभर रस्सा केला. भावजी पोटभर जेवले, झोपले आणि सकाळी उठलेच नाहीत.

पण जेवायच्या आधी नेहमीसारखा डबा घेऊन ते बाळासोच्या मागच्या दारी गेले होते. ते मला झुंबरबाईनं मागनं सांगितलं. तिनं झाकण काढलं आणि म्हणाली, "भावजी, ह्यो माणसांचा वाटा हाय का मांजराचा?"

"समुद्राला इचारा."

"च्या टाकू?"

"नको, वैनी थांबल्यात. डबा तेवढा धुऊन द्या."

तिनं डबा धुतला, पदरानं पुसला. त्यांनी तो हँडलला अडकवला. गल्लीच्या तोंडाला कुणाचीतरी म्हैस आडवी उभी होती, तिला दोनदा घंटी वाजवली आणि ते बाजूनं निघून गेले.