उलटं धरलेलं घड्याळ

सौदीतल्या अल खर्जमध्ये राहूनही माझ्या मनगटावरचं घड्याळ भारताचीच वेळ दाखवतं. चार वर्षांपूर्वी इथल्या एका खासगी हॉस्पिटलात नर्स म्हणून आले, तेव्हा ते मी मुद्दामच बदललं नाही. इथली वेळ वॉर्डच्या भिंतीवर असतेच, आपल्यापेक्षा अडीच तास मागे. मनगटावर चिपळूण असलं की मुलगी शाळेतून आली असेल, आता डबा धुवायला टाकला असेल, एवढं तरी कळतं. मी निघाले तेव्हा ती पाच वर्षांची होती. विमानतळावर तिने मला टाटा केला आणि लगेच बाबाकडे चिप्स मागितल्या, याचा मला अजून राग येतो.

आम्ही नर्सेस हॉस्टेलमध्ये राहतो. दोघींत एक खोली. गेटवर वही असते, बाहेर जाताना सही आणि आत येताना सही. गुरुवारी संध्याकाळी हॉस्पिटलची बस मॉलला नेते आणि मोजून दोन तासांनी परत आणते. खिडकीच्या काचांना उन्हासाठी चंदेरी कागद चिकटवलेला आहे, त्यामुळे बाहेर सकाळ आहे की दुपार, हे खोलीत समजत नाही. वारा फिरला की डेअरी फार्मच्या गाईंचा वास येतो, तेवढीच बाहेरची खबर. मला कुणी कोंडून ठेवलेलं नाही, हे मान्य. करारावर सही माझीच आहे. पण माझ्या पदावर नवऱ्याला आणि मुलीला इथे आणता येत नाही, आणि चिपळूणच्या पगारात घर चालत नाही. दार उघडं आहे आणि तरी मी अडकलेली आहे. हे नवऱ्याला समजावता समजावता मी टेकीला आले आहे.

म्हणून इंग्लंड. तिथल्या ज्या हॉस्पिटलच्या जागेसाठी मी अर्ज केला होता, तिथे नवरा आणि मुलगी दोघांनाही सोबत नेता येणार होतं. इंग्रजीची परीक्षा झाली होती, कागद गेले होते, राहिला होता फक्त ऑनलाइन इंटरव्ह्यू. तो आला नेमका ईदच्या दुसऱ्या दिवशी, तिथल्या वेळेने सकाळी अकराला. आणि ईदनंतरच्या आठवड्यात मला इथे लिहून द्यायचं होतं, की पुढची दोन वर्षं राहते की करार संपला की जाते. म्हणजे सगळं त्या एका इंटरव्ह्यूवर होतं.

इंग्लंडची वेळ काढायची युक्ती मला रूममेटने शिकवली होती. ती श्रीवर्धनची, माझ्याच वॉर्डात नर्स. तिचा भाऊ लेस्टरला असतो. "भारताचं घड्याळ उलटं धर गो," ती म्हणाली होती. "बाराचा आकडा खाली. जी वेळ दिसते ती इंग्लंडची." तासकाटा जरा इकडेतिकडे दिसतो, पण साडेपाच तासांचा फरक बरोबर येतो. मी ती युक्ती मुलीलाही सांगितली. तिने शाळेच्या प्रोजेक्टसाठी पुठ्ठ्याचं घड्याळ केलं होतं, ते ती व्हिडिओ कॉलवर उलटंसुलटं करून मला परीक्षा घेतल्यासारखे प्रश्न विचारायची. नोव्हेंबरपासून, ही नोकरी जुळवून देणाऱ्या दिल्लीच्या एजन्सीने इंग्लंडच्या वेळेने ठरवलेले सगळे कॉल मी असेच घड्याळ उलटं करून घेतले. एकदाही चुकले नाही. तिकडचे अकरा म्हणजे भारताचे साडेचार, म्हणजे इथले दोन.

रूममेटशी मी ड्यूटीची अदलाबदल केली. ईदच्या दिवशी तिच्या जागी बारा तास मी उभी राहिले, म्हणजे ती रियाधला बत्हा भागात काकांकडे जाऊ शकली. दुसऱ्या दिवशी माझ्या जागी ती गेली आणि खोली मला मोकळी मिळाली. जाताना टेबलावर शीरखुर्म्याचा डबा ठेवून गेली. मी भिंतीवर पांढरी चादर लावली, शर्टला इस्त्री केली. बाराच्या सुमारास फोन सायलेंट करून उशीखाली ठेवला, म्हणजे मध्येच कुणी ईद मुबारक करायला नको. आणि आरशासमोर इंग्रजीत उत्तरं म्हणत बसले. इतकी छान म्हणत होते, काय सांगू!

पावणेदोनला लॅपटॉप उघडून लिंकवर क्लिक केलं. मीटिंग संपली आहे, असं आलं. मला वाटलं नेट गेलं. परत केलं, परत तेच. मग उशीखालचा फोन काढला. एजन्सीचे सहा मिस्ड कॉल, पहिला एक वाजून पाच मिनिटांचा. फोन केला तर दिल्लीतली मुलगी म्हणाली, "मॅडम, परसों रात को वहाँ क्लॉक चेंज हुआ ना. एक घंटा आगे. पॅनल ने बीस मिनट वेट किया." पुढची तारीख विचारली. पुढची बॅच कधी ते आत्ता सांगता येणार नाही, म्हणाली.

मी भिंतीवरची चादर काढली आणि घडी केली. नीट कोपऱ्याला कोपरा लावून केली. मग तिच्यातच तोंड खुपसून रडले.

संध्याकाळी रूममेट ड्यूटीवरून आली ती दारातूनच, "काय गो, झाला काय इंटरव्ह्यू?" मी सांगितलं. ती बूट न काढता पलंगावर बसली. "या अल्ला! ते लोक उन्हाळ्याला घड्याळ पुढं करतात गो. भाऊ दर वर्षी सांगतो आणि मी दर वर्षी विसरते." तिचे डोळे भरले. मी तिला म्हटलं, तुझी चूक नाही. खरं तर तेव्हा मला तिचं तोंडही बघवत नव्हतं. दोघीही अशा देशातल्या, जिथे घड्याळाला कुणी हात लावत नाही, आणि राहतोही अशाच देशात. फोनमध्ये साऱ्या जगाची घड्याळं असतात, हे नवऱ्याने मग मला फोनवर तीनदा सांगितलं. जसं काही मला माहीतच नव्हतं!

नंतरचे कितीतरी दिवस माझ्या डोक्यात तेच चालू होतं. माणसांना हवी तशी वेळ करून घ्यायची असेल तर रमजानसारखी करावी. महिनाभर इथला अख्खा देश दिवसाची रात्र करतो. ओपीडी संध्याकाळी भरते, ड्यूट्या बदलतात, आणि त्याचा कागद आधीच नोटीस बोर्डावर लागतो. घड्याळ मात्र जागच्या जागी. इंग्लंडात उलटं, माणसं तीच वेळ पाळतात आणि घड्याळच हलवतात. ऑक्टोबरात एक तास दोनदा येतो म्हणे. त्या दोनदा आलेल्या तासात दिलेलं अँटिबायोटिक चार्टवर कसं लिहीत असतील? आणि रात्रपाळीच्या नर्सला तो जादा तास कोण भरून देतं? रागाच्या भरात मी या पद्धतीचे इतके दोष काढले की वॉर्डातल्या बाकीच्यांनी हात टेकले.

इथे तर कुणी एक तास जास्त उजेड दिला तरी नको. इथे उन्हाळ्यात सूर्य कधी बुडतो याचीच वाट बघतात. पण रूममेटचा भाऊ एकदा व्हिडिओ कॉलवर होता, तेव्हा मागे रात्री नऊला त्याची पोरं बागेत खेळत होती, चांगल्या लख्ख उजेडात. दिवसपाळी करून घरी आलं तरी पोरांबरोबर खेळायला उजेड उरतो, असं तो म्हणाला. घड्याळ पुढे करण्याचा फायदा तो हाच. मला त्या देशाकडून दुसरं हवं तरी काय होतं? तोच तास हवा होता, आणि त्याच तासाने माझा घात केला.

आठवड्याने मी नर्सिंग ऑफिसमध्ये जाऊन दोन वर्षांच्या करारावर सही केली. न करून सांगते कुणाला? करार नाही तर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, नाही. बाहेर आले तर गेटवरच्या गार्डने वही पुढे केली. तिथेही सही केली.

मुलीला मी एवढंच सांगितलं, की आईची वेळ चुकली. ती खो खो हसली. "मला रिक्षाला उशीर झाला की किती ओरडायचीस!" दोन वर्षांचं तिला सांगू नकोस, असं मी नवऱ्याला बजावलं. बघू, पुढच्या वेळी, एवढंच आम्ही म्हणत राहिलो.

ऑक्टोबर संपताना एका दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. हातात ते पुठ्ठ्याचं घड्याळ. एक कोपरा दुमडला होता, पण काटे फिरत होते. "आई, आजपासून इंग्लंडचं घड्याळ एक तास मागे आलं. बाबाच्या फोनवर बघितलं मी. आता उलटं केलं की परत बरोबर येतं. आता तू चुकणार नाहीस. दे ना आता इंटरव्ह्यू!"

हो म्हणणं सोपं होतं. पण ती इतका हिशेब लावून आली होती की माझ्याने खोटं बोलवेना. मी म्हटलं, "बाळा, आईने इथे सही केली आहे. पुढचा जून सोडून त्याच्या पुढच्या जूनपर्यंत."

तिने पुठ्ठ्याचे काटे एकदा फिरवून बघितले. मागे कुकरची शिट्टी झाली. मग तिने विचारलं, "तोपर्यंत ते घड्याळ किती वेळा बदलेल?"

मी बोटांवर मोजलं. "तीनदा."

तिने पेन घेतलं, घड्याळाखालच्या रिकाम्या जागेत तीन चौकोन काढले, आणि मला नीट दिसावेत म्हणून पुठ्ठा कॅमेऱ्याच्या अगदी जवळ धरला.